झाडपाल्याची चौथी पायरी

मिरजेत सतारी बनवणाऱ्यांच्या गल्लीत हुसेनभाईंचं दुकान होतं. पुढं दोन फळ्या, आत वाळत टांगलेले भोपळे आणि सगळीकडं पॉलिशचा वास. त्या भोपळ्यांखाली मान घालून बसलेला असायचा त्यांचा थोरला मुलगा यासीन. त्याला कुणी विचारलं असतं की बाबा रे, तुला जगात सगळ्यात चांगलं काय येतं, तर त्यानं तंबोऱ्याचं नाव घेतलं नसतं. तंबोरा बापाला येत होता. यासीनला जे येत होतं ते ऐकून गल्लीनं त्याला खुळ्यात काढलं असतं. त्याला खालच्या पायरीचा ड्रुइड खेळता यायचा. सांगली जिल्ह्यात त्याच्याइतका चांगला तो कुणालाच येत नव्हता. आता सांगली जिल्ह्यात हा खेळ ठाऊक असलेली सगळी माणसं एका रिक्षात मावली असती, ही गोष्ट वेगळी.

खेळ असा. माधवनगरच्या निमिषचा मामा अमेरिकेत. त्र्याण्णव सालच्या उन्हाळ्यात येताना त्यानं भाच्यासाठी एक खोकं आणलं. आत एक जाडजूड पुस्तक आणि रंगीत फासे. पट नाही, सोंगट्या नाहीत. एकानं मास्तर व्हायचं आणि गोष्ट सांगायची. तुम्ही डोंगराखाली आलात, समोर गुहा आहे, आतून धूर येतोय, बोला, काय करता? बाकीच्यांनी गोष्टीतला एकेक माणूस घ्यायचा आणि त्याच्या वतीनं बोलायचं. जमतंय की फसतंय अशी वेळ आली की वीस तोंडांचा फासा टाकायचा. आकडा मोठा पडला तर जमलं, लहान पडला तर फसलं. प्रत्येकाचा माणूस पहिल्या पायरीवर सुरू होतो आणि पराक्रम करत वर चढतो. मेला तर मेला. नवा माणूस घ्यायचा आणि पुन्हा पहिल्या पायरीवर यायचं.

निमिष, धवल आणि यासीन सांगलीच्या कॉलेजात बारावीपर्यंत एका बाकावर होते. खोकं निमिषचं, म्हणून मास्तर निमिष. धवलनं विचारायच्या आधीच लढवय्या घेतला. निमिषची धाकटी बहीण मयूरी हिनं चोर घेतला, त्यावर तिची आई शकुंतलाकाकू दोन दिवस धुसफुसत होती की पोरीला दुसरं काही मिळालं नाही का. उरला ड्रुइड. ड्रुइड म्हणजे रानातला साधू. लोखंड अंगाला लावायचं नाही, चामड्याचं जाकीट घालायचं, लाकडी ढाल धरायची. तो झाडांशी आणि जनावरांशी बोलतो आणि इतरांच्या जखमा बांधतो. तो कुणालाच नको होता.

"यासीन, तुमच्याकडं भोपळे असतात," धवल म्हणाला. "तूच हो झाडपाल्या."

असं बारसं झालं. यासीननंही फार मनाला लावून घेतलं नाही. तंबोऱ्याच्या भोपळ्याला तुंबा म्हणतात, तेच नाव त्यानं आपल्या ड्रुइडला दिलं आणि बसला.

बारावीनंतर निमिष आणि धवल इंजिनिअरिंगला गेले. यासीनचे मार्क असे पडले की तो दुकानात गेला. सोमवार ते शनिवार भोपळे कापायचे, आतून खरवडायचे, सांधे चिकटवायचे. रविवारी दुपारी सायकल काढायची आणि मिरजेहून सांगली ओलांडून माधवनगर गाठायचं. गिरणीच्या साहेबलोकांच्या बंगल्यांत निमिषचा बंगला होता, त्याच्या बाजूच्या खोलीत पाट मांडलेला असायचा. हुसेनभाईंना हे पटत नव्हतं, पण पोरगा आठवडाभर तोंडातून शब्द न काढता राबतो म्हटल्यावर त्यांनी रविवार सोडून दिला होता. तेवढा एक दिवस यासीनचा होता, आणि त्याच्या आयुष्यात दुसरं काहीही त्याचं नव्हतं.

ड्रुइड खेळायला तो मरून मरून शिकला. पहिला तुंबा शौर्य दाखवायला पुढं धावला आणि पहिल्याच गुहेत संपला. दुसऱ्यानं दिवसाला मिळणारे मोजके मंत्र सकाळीच उधळले आणि संध्याकाळी रिकाम्या हातानं मेला. तिसऱ्यानं अस्वल पाळलं. अस्वलाचं पोट भरण्यातच त्याचा जन्म गेला. चौथा तुंबा मात्र टिकला. दोन वर्षं टिकला आणि चढत चढत चौथ्या पायरीवर आला. तोवर असं झालं होतं की सुट्टीत कुणाचा मावसभाऊ-बिवसभाऊ खेळायला आला आणि त्याच्या वाट्याला ड्रुइड आला की निमिष म्हणायचा, यासीनला विचारा. मग दुकानात चार शब्द न बोलणारा यासीन पाटाशी सरसावून बसायचा.

"हे बघ, पयल्या पायरीचा ड्रुइड म्हंजे अंगात जीव कमी आन् कामं लय. तू पुढं जायचं न्हाई. लढवय्याला पुढं घाल. तू त्याच्या मागं ऱ्हा, पर इतकं मागं न्हाई की जखमंला हात पोचायचा न्हाई. लढाई कुठं करायची ते तू ठरव. तुझा मंतर गवत उठवतो, वेली उठवतो, दुश्मनाचं पाय बांधतो. गुहेत गवत हाय का? न्हाई. मग त्यास्नी भाईर काढ. शिव्या घाल, दगड मार, पळून ये, पर गवतात आण. आन् दारातलं कुत्रं मारू नगस. त्याच्यासंगं बोल. आत किती माणसं हायत ते कुत्र्याला ठावं असतंय. जखमंचा एक मंतर शेवटपातूर राखून ठेव. जो वरडतोय त्याला देऊ नगस. जो पडला तर सगळीच मरत्याल, त्याला दे."

"आणि मोठा कधी व्हायचा?" मावसभाऊ विचारायचा.

"पाचव्या पायरीला. तितं ड्रुइडला रूप बदलता येतं. लांडगा हो, मासा हो, काय वाट्टंल ते हो. तवर नुसतं जगायचं. मान खाली घालून जगायचं."

पाचव्या पायरीवर आपण काय व्हायचं हे यासीननं कधीच ठरवून ठेवलं होतं. तो घार होणार होता. दुकानात भोपळा खरवडताना तो मनातल्या मनात मिरजेच्या किल्ल्यावरून उडायचा, कृष्णेवर जायचा, माधवनगरच्या बंगल्यांवर एक गिरकी घ्यायचा. हे वेडगळ होतं, त्यालाही कळत होतं. पण विशीतल्या पोराच्या डोक्यात काहीतरी उडतं असायला लागतं, नाहीतर भोपळे खरवडवत नाहीत.

आता फाशाचं. एका रविवारी धवलला सारखे लहान आकडे पडायला लागले. नाचता येईना अंगण वाकडं, तशातली गत. त्यानं रागानं वीस तोंडांचा फासा खिडकीतून भिरकावला आणि तो मागच्या गटारात गेला. बाकी फासे होते, पण वीस तोंडांचा तो एकच. सांगलीत असली वस्तू मिळत नाही आणि मामा पुन्हा कधी येणार ते मामालाच ठाऊक. काही महिने डब्यात चिठ्ठ्या घालून काढल्या. त्यात कुणाला मजा येईना. धवल तर जांभया द्यायला लागला, आणि आता रविवार बंद पडतो की काय या भीतीनं यासीनची झोप उडाली.

म्हणून यासीननं फासा घडवला. तंबोऱ्याच्या दांडीतून उरलेला तुणाच्या लाकडाचा एक लालसर तुकडा घेतला. आधी पुठ्ठ्याचा नमुना करून बघितला, मग कानशीनं एकेक तोंड काढत गेला. पहिले दोन-तीन प्रयत्न आवळ्यासारखे झाले. शेवटी एक जमला. वीस सारखी त्रिकोणी तोंडं, त्यावर टोकदार लोखंडानं कोरलेले आकडे आणि वर तंबोऱ्याला लावतात तीच पॉलिश. हुसेनभाई घरात दखनी बोलायचे, पण टोमणा मारायचा असला की मराठीवर यायचे. त्यांनी फासा बोटात धरून फिरवला.

"ह्यातनं सूर निघतो का रं?"

"न्हाई, अब्बा."

"मग एवढी पॉलिश कशाला घालवली?"

पण त्यांनी तो परत देताना सदऱ्याला पुसून दिला. यासीनला तेवढं पुष्कळ झालं.

माधवनगरात फाशाचं लई कौतुक झालं. शकुंतलाकाकूंनी तो शेजारच्या बायकांना नेऊन दाखवला. धवल तर टाकायच्या आधी त्याचा मुका घ्यायचा. वर्षभर त्याच एका फाशावर सगळ्यांचं नशीब चाललं. धवलला वीस पडला की धवल शूर. मयूरीला वीस पडला की मयूरी हुशार. निमिष राक्षसांच्या वतीनं टाकायचा, त्यालाही वीस पडायचे, मग सगळे मिळून बोंब मारायचे. फाशाकडं मात्र कुणी बोट दाखवलं नाही, कारण तोवर यासीनला महत्त्वाच्या वेळी वीस पडला नव्हता.

पंच्याण्णवच्या दिवाळीत निमिषचा आतेभाऊ अनंत साताऱ्याहून आला. पुण्याला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता आणि तिथल्या होस्टेलवर हाच खेळ खेळायचा. मखमलीच्या बटव्यात त्यानं स्वतःचे पारदर्शक प्लास्टिकचे फासे आणले होते आणि सोबत सातव्या पायरीवरचा जादूगार. ज्या घरात चौथी पायरी म्हणजे कौतुक, तिथं हा सातवीवरचा येऊन बसला. निमिष त्याच्यापुढं असा काही मऊ झाला की मास्तर कोण आहे हेच कळेना. प्रत्येक गोष्ट "बरोबर ना, दादा?" असं विचारून होऊ लागली.

त्या दिवशीची गोष्ट रानातली होती. यासीननं सांगितलं की रानडुकराच्या वाटेला जाऊ नये, वळसा घालावा. अनंत म्हणाला, असल्या चौथ्या पायरीच्या भित्रेपणानं खेळात काही राम राहत नाही. त्याच्या जादूगारानं डुकरावर आग टाकली. आकडा लहान पडला, आग चुकली आणि हत्तीएवढं ते डुक्कर उधळलं. धवलचा लढवय्या आडवा झाला. तुंब्यानं राखून ठेवलेला जखमेचा मंत्र त्याच्यावर खर्च केला. आता तुंब्याकडं काही नव्हतं. होती ती फक्त जनावराशी बोलायची कला.

"मी त्याच्यासंगं बोलतो," यासीन म्हणाला. "त्याला सांगतो, आमी जातोय, तू बी जा."

निमिषनं अनंतकडं बघितलं. अनंत हसला. निमिष म्हणाला, "इतकं भडकलेलं जनावर आहे. वीसच लागेल. पण वीस पडला तर डुक्कर शांत, आणि तुंबा पाचव्या पायरीवर."

यासीननं फासा टाकला. तो पाटावरून गडगडत कडेला गेला आणि वीसवर थांबला.

मयूरीनं टाळ्या वाजवल्या. धवलनं यासीनच्या पाठीत गुद्दा घातला. यासीन फाशाकडं बघतच राहिला. घार आता त्याच्या हातात होती. तेवढ्यात अनंतनं हात लांब करून फासा उचलला.

"हा कुणी केला?"

"ह्यानंच," निमिष अभिमानानं म्हणाला. "ह्यांचं सतारीचं काम आहे."

"असं होय." अनंतनं फासा कानाशी नेऊन हलवला. "कारागिराचा हात आहे म्हण की. आत शिसं भरून वरून पॉलिश केली तर कुणाला कळायचं?"

हे तो हसत हसत म्हणाला. उचलली जीभ लावली टाळ्याला, असंही म्हणता आलं असतं. पण पुढं तो म्हणाला की होस्टेलवर ते सगळे फासे तपासतात. भांड्यात मिठाचं पाणी घ्यायचं आणि फासा सोडायचा. सरळ फासा असेल तर दरवेळी वेगळं तोंड वर येतं. एकच तोंड येत राहिलं तर फासा भरलेला. काकूंनी फराळाची तयारी सोडून काचेचं वाडगं आणि मिठाची बरणी आणून दिली. त्यांना वाटलं, पोरं काही शास्त्रीय प्रयोग करतायत.

फासा पाण्यात तरंगला, जरा गिरकला आणि सतरा वर करून थांबला. अनंतनं बोटानं उलटा केला. पुन्हा गिरकून सतरा. पुन्हा केला, पुन्हा सतरा. वीस नव्हे, सतरा. पण सतरा म्हणजे मोठाच आकडा की, असं अनंत म्हणाला आणि धवलनं मान डोलावली.

"लाकूड हाय ते," यासीन म्हणाला. "लाकडाला एक अंग जड असतंच. कुठलंबी लाकूड पाण्यात टाका, तेच अंग खाली घालून तरंगतंय. तुमच्या प्लास्टिकला चालत आसंल ही परीक्षा. लाकडाला न्हाई चालत."

"म्हणजे एका बाजूनं जड आहे हे तुला मान्य आहे," अनंत म्हणाला.

खरं बोललेलं माणसाच्या अंगाशी कसं येतं ते यासीनला तिथं कळलं. तो आणखी समजावायला गेला, तसतसा तो चोरासारखा दिसायला लागला. मयूरी म्हणाली, "पण तो फासा आपण सगळेच टाकतो की. परवा धवलदादाला एकसारखे तीन वीस पडले, तेव्हा कुणी नाही पाण्यात घातला."

"तू चोर आहेस," धवल म्हणाला. "तुझी साक्ष धरत नाहीत."

त्यावर सगळे हसले. तिच्या बोलण्यात जी एकुलती एक शहाणपणाची गोष्ट होती ती हसण्यात वाहून गेली.

यासीनला हसू आलं नाही. तो म्हणाला, "फोडा मग. हातोडी आणा आन् फोडून बघा आत काय हाय ते."

"फोडायचा कशाला?" निमिष पटकन म्हणाला. "मग आपण खेळायचं कशानं?"

या खेळात मास्तरचा शब्द शेवटचा. सगळ्यांनी निमिषकडं बघितलं. यासीननंही बघितलं. त्याला पाचवी पायरी हवी होती, हे खरं. पण त्या घटकेला त्याला घारही नको होती. त्याला एकच वाक्य हवं होतं, यासीन असं करायचा नाही, एवढंच. इतकी वर्षं एका बाकावर आणि एका पाटावर बसलेल्या दोस्तानं पाहुण्यासमोर एवढं बोलावं, यात काही डोंगर उचलायचा नव्हता. निमिषनं वाडग्यातला फासा बाहेर काढला, टॉवेलला पुसला आणि म्हणाला, "असं करू. दादाच्या फाशानं परत टाक. म्हणजे कुणाच्या मनात काही राहायला नको."

कुणाच्या मनात काही राहू नये म्हणून. यासीनच्या मनात काय राहील हा प्रश्न त्या खोलीत कुणाला पडला नाही.

त्यानं उठून जायला पाहिजे होतं. पण दोन वर्षं जो मान खाली घालून जगायचा सल्ला देतो, त्याला ऐनवेळी मान वर करता येत नाही. त्यानं प्लास्टिकचा फासा घेतला आणि टाकला. चार पडला. डुकरानं तुंब्याला तुडवलं आणि निमिषनं त्याच्या नावावर काट मारली.

"बघ," अनंत म्हणाला, "आता कसा बरोबर पडला."

मग फराळ आला. यासीननं चकली खाल्ली, चहा घेतला, काकूंच्या पाया पडला, सगळ्यांना येतो म्हणाला आणि सायकलवर बसला. राग त्याला तिथं आलाच नाही. विश्रामबागच्या रेल्वे फाटकात मालगाडीसाठी थांबावं लागलं, तेव्हा आला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. पण इथं तर चोरच नव्हता. नुसती फाशीच होती. हे आपल्या हातामुळं झालं की आपल्या नावामुळं, हे त्याला ठरवता येईना. नाव तर कुणी काढलं नव्हतं. अशा घरांत ते काढत नाहीत. पण फासा धवलनं केला असता तर वाडगं मागवलं गेलं असतं का, हा प्रश्न मिरजेपर्यंत त्याच्यासोबत आला.

तरीही पुढच्या रविवारी तो गेला. अनंत बटवा घेऊन साताऱ्याला परतला होता, तेव्हा आता निमिष बोलेल असं त्याला वाटलं. पाटावर तोच लाकडी फासा पडलेला होता. धवलनं त्याचा मुका घेतला, टाकला, वीस पडला आणि सगळ्यांनी जल्लोष केला. निमिषनं यासीनपुढं एक कोरा कागद सरकवला. त्यावर पहिल्या पायरीचा नवा ड्रुइड लिहून तयार ठेवला होता.

"तू नसलास तर आमच्या जखमा कोण बांधणार?" निमिष म्हणाला, आणि खरंच प्रेमानं म्हणाला.

यासीन त्या दिवशी खेळला. धवलची जखम त्यानं दोनदा बांधली. तिन्हीसांजेपर्यंत वाट बघितली. निमिष हवामानावर बोलला, परीक्षेवर बोलला, क्रिकेटवर बोलला. त्यानंतर यासीन गेला नाही. दुकानात काम आहे असा निरोप त्यानं एकदा पाठवला. दुसऱ्यांदा पाठवायची वेळ आली नाही, कारण कुणी विचारलंच नाही. गरज सरो, वैद्य मरो.

मात्र त्याचं डोकं त्या वाडग्यातच अडकून पडलं. त्याची खात्री होती की निमिषचा गैरसमज झालाय. अनंतनं त्याचे कान भरले, पाण्यानं फसवलं, बिचारा काय करणार? गैरसमज काय, दूर करता येतो. त्यानं तुणाच्याच लाकडाचे, सागाचे, शिसवीचे छोटे छोटे तुकडे कापले. रात्रंदिवस हेच. दुकानातल्या बादलीत मीठ घालून तो एकेक तुकडा सोडायचा आणि बघायचा. प्रत्येक तुकडा आपलं एक अंग ठरवून वर करायचा. त्यात शिसं नव्हतं, काही नव्हतं, नुसतं लाकूड होतं. हे निमिषला दाखवायचं. शब्दानं सांगायचं नाही, बादली समोर ठेवून दाखवायचं. काय बोलायचं, कुठून सुरू करायचं, हे सगळं त्यानं पाठ करून ठेवलं. आई चांदबी म्हणाली, पोराला बाहेरचं काही झालंय, बाबांच्या दर्ग्यात नेऊन आणा. हुसेनभाई म्हणाले, असू दे, लाकूडच बघतोय, काही वाईट बघत नाही.

गुढीपाडवा होऊन गेल्यावर एका दुपारी निमिष नव्या मोटारसायकलवरून गल्लीत आला. मागं एक चष्मेवाला पोरगा होता.

"हा सिद्धू," निमिष म्हणाला. "आमच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला आहे, आटपाडीचा. ह्याला ड्रुइड दिलाय आणि हा सारखा मरतोय. म्हटलं, तुझ्याकडंच आणावं. खालच्या पायरीचा ड्रुइड कसा खेळायचा ते तुझ्याशिवाय कुणाला ठाऊक आहे?"

हुसेनभाईंनी फळी पुसून दोघांना बसायला दिलं आणि चहा सांगायला स्वतः बाहेर गेले. पोराचा दोस्त इतक्या दिवसांनी आला म्हणून त्यांना बरं वाटलं होतं. यासीननं भोपळा बाजूला ठेवला. बादली कोपऱ्यातच होती, तुकडे फडताळात होते. पाठ केलेलं सगळं ओठावर आलं.

"फासा कंचा वापरताय?" त्यानं सुरुवात केली.

"तुझाच की. दुसरा कुठाय?"

"त्यो तर जड हाय म्हणं. शिसं भरलेला."

निमिष मोकळेपणानं हसला. "अरे, सोड की ते आता. तू काही केलं नव्हतंस ते मला तेव्हाही ठाऊक होतं."

यासीनला नीट ऐकू आलं होतं, तरी त्यानं विचारलं. "तवा ठाऊक व्हतं?"

"म्हणजे काय. तुला मी ओळखत नाही का?" निमिषच्या आवाजात काही खोट नव्हती. "पण दादा पाहुणा. त्यात दिवाळीचा दिवस. कशाला उगीच वाद, म्हटलं. आणि तू काय, समजून घेणाराच आहेस. एका खेळातला ड्रुइड तर होता."

निमिषला ठाऊक नव्हतं, या एका गोष्टीवर यासीन पाच-सहा महिने जगला होता. ज्याला ठाऊक नाही त्याला दाखवता येतं. बादली पुढं ठेवता येते, तुकडे सोडता येतात. सगळं ठाऊक असून ज्यानं फासा टॉवेलला पुसला आणि परत टाक म्हणाला, त्याला काय दाखवायचं? निमिषनं आपल्याला चोर समजलं असतं तर बरं झालं असतं, असं यासीनला वाटलं, आणि तसं वाटल्याची त्याला लाज वाटली नाही.

चहा आला. सिद्धूनं वही काढून मांडीवर घेतली. पोरगा मनापासून शिकायला आला होता, त्याचा यात काही दोष नव्हता.

"मग सुरुवात कशी करू?" त्यानं विचारलं.

यासीननं त्याच्या वहीकडं बघितलं. पुढं जाऊ नगस, गवतात आण, कुत्रं मारू नगस, सगळं त्याला शब्दाशब्दानं येत होतं.

"ड्रुइड टाकून दे," तो म्हणाला. "लढवय्या घे."

"अरे, काय सांगतोस त्याला," निमिष हसत म्हणाला. "मग आमच्या जखमा कोण बांधणार?"

"मास्तरनं बांधाव्यात. त्याला सगळं आदीच ठाऊक असतंय."

निमिषला ती थट्टा वाटली. तो हसत हसत चहा प्यायला, हुसेनभाईंना येतो म्हणाला आणि सिद्धूला मागं घेऊन निघून गेला. यासीननं भोपळा पुन्हा मांडीवर ओढला. त्या दुपारनंतर तो माधवनगरला कधी गेला नाही, आणि मिरजेत त्याला कुणी ड्रुइडबद्दल कधी विचारलं नाही.